गुरांच्या डोळ्यातून माणसाच्या गालात

ओठ भरदार करायला, गालाचा गेलेला उठाव परत आणायला किंवा डोळ्यांखालचा खळगा बुजवायला हल्ली त्वचारोगतज्ज्ञ जे पारदर्शक जेल (फिलर) सुईने भरतात, त्याचं माहेर सौंदर्याच्या दुनियेत नाही. ते डोळ्यात आहे, आणि तेही गुरांच्या. १९३४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी गुरांच्या बुबुळामागच्या काचेसारख्या गोळ्यातून साखरेच्या जातीचा एक रेणू वेगळा काढला. मायर मूळचा जर्मनीचा, शिक्षणाने जीवरसायनशास्त्रज्ञ, पण नोकरी नेत्रविभागात. म्हणून हाताशी डोळे. काचेसारखं दिसतं म्हणून ग्रीक भाषेतल्या काचेवरून आणि त्यात सापडलेल्या युरॉनिक ॲसिडवरून रेणूचं बारसं झालं : हायलुरॉनिक ॲसिड. ॲसिड म्हणून दचकायचं कारण नाही, ते काही जाळत-पोळत नाही. दोन साखरा एकाआड एक ओवलेली ही हजारो मण्यांची साखळी आहे, आणि ती मांडणी पुरती उलगडायला १९५४ साल उजाडलं.

त्या वेळी मायरच्या मनात कुणाचे गाल असण्याची शक्यता नव्हती. पण चेहऱ्यात काहीतरी भरायची माणसाची हौस मायरच्या जन्माच्याही आधीची. १८९३ साली जर्मनीत फ्रान्झ नॉयबर या शल्यचिकित्सकाने दंडातली चरबी काढून चेहऱ्यावरच्या खोल व्रणांत बसवली. चरबी ज्याची त्यालाच परत, तेव्हा मार्ग सरळ होता, पण प्रत्येक वेळी शस्त्रक्रिया आली. मग सोपा मार्ग सापडला, आणि तोच घातक ठरला. १८९९ साली व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेर्सुनीने क्षयाने वृषण गमावलेल्या एका रुग्णाला त्या जागी व्हॅसलीनचं इंजेक्शन दिलं. ते बसलं, दिसलं, आणि बघता बघता युरोपभर नाका-गालांत पॅराफिन टोचलं जाऊ लागलं. शरीर पॅराफिन पचवू शकत नाही. त्याच्याभोवती गाठी धरतात, त्वचा कडक होते, आणि मेण आपल्या जागी राहील याचीही हमी नाही. ग्लॅडिस डीकन ही त्या काळची गाजलेली अमेरिकन सुंदरी. नाक ग्रीक पुतळ्यासारखं सरळ हवं म्हणून तिने ऐन तारुण्यात नाकाच्या दांड्यात पॅराफिन भरून घेतलं. पुढे ते ओघळून हनुवटीकडे उतरलं आणि चेहरा कायमचा बिघडला. ती नंतर मार्लबरोची डचेस झाली, पण मेण काही तिथून निघालं नाही. काढायची सोयच नव्हती.

गाईच्या कातड्यातून काढलेल्या कोलॅजेनला १९८१ साली अमेरिकेत परवानगी मिळाली. त्याचा त्रास कमी, पण आधी हातावर थोडंसं टोचून चार आठवडे वाट बघायची, कारण काहींना त्याची ॲलर्जी निघे. एवढं करून परिणाम टिकायचा काही महिनेच.

इकडे मायरचा रेणू वेगळ्याच वाटेने चालला होता. त्याला रस्ता दाखवणारा माणूस हंगेरीचा : एंड्रे बालाझ. १९४२ साली त्याने हायलुरॉनिक ॲसिडच्या वापरासाठी पेटंटचा अर्ज केला, तो बेकरीच्या पदार्थांत अंड्याच्या पांढऱ्या बलकाऐवजी ते घालता येईल म्हणून! हे वाचल्यावर मला बालाझबद्दल आदर वाटला. रेणूचा गुणधर्म त्याने अचूक हेरला होता : पाणी धरून ठेवायचं, घट्ट राहायचं आणि तरीही वाहायचं. पुढे स्टॉकहोम आणि मग बोस्टनला गेल्यावर त्याने कोंबड्याच्या तुऱ्याकडे मोर्चा वळवला. तुऱ्यात हा पदार्थ विपुल असतो. खरी अडचण होती शुद्धतेची. प्राण्यांच्या शरीरातून काढलेल्या पदार्थात प्रथिनांचे अंश राहिले की आपलं शरीर चवताळतं. दाह होणार नाही इतका शुद्ध माल काढायला बालाझला वर्षानुवर्षं लागली. १९७० साली तो शर्यतीच्या घोड्यांच्या दुखऱ्या सांध्यांत टोचून पाहिला गेला. १९८० साली स्वीडनच्या फार्मासिया कंपनीने ‘हीलॉन’ या नावाने तो डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी बाजारात आणला. मोतीबिंदू काढून कृत्रिम भिंग बसवताना डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात हे जेल भरलं की कप्पा मिटत नाही आणि पारपटलाच्या आतल्या नाजूक पेशींना धक्का लागत नाही.

म्हणजे ज्याला आपल्याकडे अजूनही श्रीमंतांचे चोचले म्हणतात, ते बऱ्याच मध्यमवर्गीय घरांत केव्हाच येऊन गेलंय. आजीच्या मोतीबिंदूच्या वेळी तिच्या डोळ्यात ते गेलेलं असू शकतं (शिबिरांतून त्याऐवजी स्वस्तातलं दुसरं जेल वापरतात, ही गोष्ट वेगळी). आजोबांच्या गुडघ्यात डॉक्टर ‘वंगणाचं इंजेक्शन’ देतात ते बहुधा हेच. नातीने ते ओठात घेतलं की मात्र घरात चर्चा सुरू होते.

चेहऱ्यात ते आणायचं तर एक पेच होता, आणि या सगळ्या कथेतला मला तोच सर्वांत चविष्ट वाटतो. हायलुरॉनिक ॲसिड आपल्या शरीरातलंच. सत्तर किलोच्या माणसात ते सुमारे १५ ग्रॅम असतं, आणि त्यातलं जवळजवळ एकतृतीयांश शरीर रोज मोडतं आणि नव्याने घडवतं. त्यामुळे शुद्ध, अस्सल, अगदी नैसर्गिक हायलुरॉनिक ॲसिड गालात टोचलं तर काही दिवसांत त्याचा मागमूस राहत नाही. टिकवायचं तर त्याला थोडं अनैसर्गिक करणं भाग होतं. साखळ्या एकमेकींना रसायनाने बांधायच्या, म्हणजे शरीरातल्या विकरांना ती गुंतवळ सोडवायला वेळ लागतो. स्वीडनमधल्या उप्सालात टोर्वार्ड लॉरेंट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्येच असं बांधलेलं जेल करून दाखवलं होतं. त्याच उप्सालात बेंग्ट ओगेरुपने १९८७ साली क्यू-मेड कंपनी काढली. तिने कोंबडा सोडला आणि जिवाणू धरला. स्ट्रेप्टोकोकस जिवाणू आपल्याभोवती हुबेहूब हेच ॲसिड कवचासारखं पांघरतो, तेव्हा टाकीत त्याला वाढवून ते काढायचं. बांधणीसाठी वापरलं बीडीडीई नावाचं रसायन, जे एपॉक्सी रेझिनच्या धंद्यात चालतं. जेल तयार झाल्यावर ते इतकं धुवावं लागतं की त्याचा मोकळा अंश दहा लाखांत दोन भागांपेक्षाही कमी उरला पाहिजे. १९९६ साली ‘रेस्टिलेन’ युरोपात आलं. एक मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम हायलुरॉनिक ॲसिड. डिसेंबर २००३ मध्ये अमेरिकेची परवानगी आली. हातावरची चाचणी आणि चार आठवड्यांची प्रतीक्षा संपली.

परवानगीच्या कागदावर मात्र चेहऱ्यावरच्या सुरकुत्या आणि घड्या एवढंच होतं, आणि उदाहरण म्हणून नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत उतरणाऱ्या घड्या. डॉक्टर लोक त्या बुजवू लागले. रेघ दिसली की रेघ भरायची, असा तो काळ. घडी नाहीशी व्हायची, पण वरचा गाल होता तिथेच उतरलेला, आणि मधला भाग टम्म फुगलेला. माणूस तरुण दिसण्याऐवजी नुकताच दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आल्यासारखा दिसायचा. दोष जेलचा नव्हता. चेहरा म्हातारा का होतो, याचीच समजूत चुकीची होती.

ती बदलायला प्रेतांनी मदत केली. २००७ साली डॅलसमध्ये रॉड रोरिच आणि जोएल पेसा यांनी मृतदेहांच्या चेहऱ्यांत निळा रंग टोचून तो कुठे पसरतो आणि कुठे अडतो ते पाहिलं. चेहऱ्यावरची चरबी म्हणजे एक सलग थर नाही, तर वेगवेगळ्या कप्प्यांत वाटलेली आहे, हे त्यातून स्पष्ट झालं. वय वाढतं तसे हे कप्पे एका वेगाने बदलत नाहीत. काही आक्रसतात, काही खाली सरकतात. खालचं हाडही बदलतं, डोळ्याची खोबण रुंदावते, वरचा जबडा मागे सरतो. म्हणजे नाकाशेजारची घडी हे लक्षण, आणि कारण बरंच वर, गालाच्या हाडापाशी. तिथे, हाडालगत, थोडं जेल ठेवलं तर घडीला हात न लावता ती सौम्य होते. चेहरा ‘नैसर्गिक’ दिसू लागला तो या नकाशामुळे. नुसतं जेल त्याआधीही होतंच.

आता चांगला डॉक्टर काय करतो ते ऐकायला फार साधं आहे. तो आधी तुम्हाला हसायला, बोलायला, डोळे मिटायला लावतो, कारण फोटोत सुरेख दिसणारा गाल हसताना डोळ्यांवर चढू शकतो. जागेप्रमाणे जेल निवडतो : हनुवटीला आणि गालाच्या हाडाला ताठ, ओठांना मऊ, कारण ओठ दिवसभर हलतात. डोळ्यांखाली अगदी कमी, आणि खोल. वरच्या थरात ठेवलं तर प्रकाश विखुरतो आणि पातळ त्वचेखालून निळसर छटा दिसते, आधीच्या काळ्या वर्तुळांत आणखी एक रंग. अनेक जागी तो सुईऐवजी बोथट टोकाची लवचीक नळी, कॅन्युला, वापरतो. एका सिरिंजमध्ये असतं एक मिलिलिटर, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा भाग. तेवढं सगळं एकदम संपवायची त्याला घाई नसते. हे जेल पाणी ओढतं, सुरुवातीला सूज असते, म्हणून दोनेक आठवड्यांनी पुन्हा बघून मगच पुढचं ठरवायचं. लग्नाच्या चार दिवस आधी ओठ भरून घेणाऱ्या नवरीला जो नाही म्हणतो, तो डॉक्टर निवडावा, असं मी सांगेन.

बिघडतं ते हिशेबात. सूज उतरली की माणसाला वाटतं जेल विरघळलं, आणि तो आणखी मागतो. किंमत सिरिंजवर ठरते, त्यामुळे दवाखान्यालाही ‘आणखी एक’ जड जात नाही. शिवाय आरशात रोज थोडं थोडं वाढलेलं आपल्याच डोळ्यांना दिसत नाही. जेल सहा महिने ते वर्षभरात जातं असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं आणि त्याच वेळापत्रकाने भर पडत राहिली. पुढे एमआरआयमध्ये पाहिलं तर अनेकांच्या गालांत ते दोन वर्षांनंतरही, काहींत त्याहून कितीतरी नंतर, शाबूत होतं. उशीसारखे फुगलेले जे चेहरे आपण पडद्यावर बघतो, ते एका वाईट इंजेक्शनचे नसतात. बऱ्याचदा ती कितीतरी बऱ्या इंजेक्शनांची बेरीज असते.

ग्लॅडिस डीकनला नव्हती ती सोय मात्र इथे आहे, आणि गंमत म्हणजे हा उतारा औषधाच्या आधी सापडला होता. १९२८ मध्ये, न्यूयॉर्कच्याच रॉकफेलर संस्थेत, फ्रान्सिस्को दुरान-रेनाल्स या कॅटलान संशोधकाला दिसलं की वृषणाचा अर्क मिसळला की विषाणूचा संसर्ग त्वचेत झपाट्याने पसरतो. त्या अर्कात पेशींमधला चिकट पदार्थ मोडणारं काहीतरी होतं. पदार्थच अजून सापडला नव्हता, तेव्हा मोडणाऱ्याचं नाव ठेवणार कसं? ‘पसरवणारा घटक’ म्हणून काम भागवलं. मायरचा रेणू आल्यानंतर जोडी जुळली आणि नाव पडलं हायलुरॉनिडेज. मधमाशीच्या नांगीत आणि सापाच्या विषातही हे विकर असतं, विष पसरावं म्हणून. डोळ्याचे डॉक्टर ते भुलीच्या औषधात मिसळत आले आहेत, भूल पसरावी म्हणून. २००४-०५ च्या सुमारास चेहऱ्यात चुकीच्या जागी बसलेलं जेल त्याने विरघळवल्याच्या नोंदी येऊ लागल्या. खरी गरज पडते ती जेल चुकून रोहिणीत गेल्यावर. त्वचा पांढरीफटक पडते, आणि नाकाच्या वा भुवयांमधल्या जागेतून ते डोळ्याच्या रोहिणीपर्यंत गेलं तर दृष्टीही जाऊ शकते. तेव्हा मिनिटं मोजायची असतात. हे विकर टेबलावर तयार नसलेल्या जागी, मग ते स्वस्तातलं ब्यूटी पार्लर असो की चकचकीत स्टुडिओ, कुणीही चेहऱ्याला सुई लावू देऊ नये.

अलीकडे काही डॉक्टर नवं जेल भरण्याआधी अल्ट्रासाउंड लावून आत जुनं किती आहे ते बघतात. सौदी अरेबियातल्या उंटांच्या सौंदर्यस्पर्धेत ही तपासणी माणसांपेक्षा कडक आहे. तिथे लोंबते, भरदार ओठ देखणे मानतात आणि बक्षिसं कोट्यवधींची असतात, त्यामुळे मालक उंटांना बोटॉक्स आणि फिलर टोचतात. २०२१ साली परीक्षकांनी क्ष-किरण आणि अल्ट्रासाउंड लावून अशा छेडछाडीसाठी ४० हून जास्त उंट बाद केले.