मोनोवी (नेब्रॅस्का)

मोनोवी : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील नेब्रॅस्का राज्याच्या बॉइड काउंटीमधील एक खेडे. क्षेत्रफळ सुमारे ०.५४ चौ. किमी.; लोकसंख्या १ (२०१०). कायद्याने स्थापन झालेली स्वतंत्र ग्रामसंस्था असूनही एकच रहिवासी असलेले गाव म्हणून २०१० च्या जनगणनेनंतर ते देशभर परिचित झाले. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील शेकडो शेतीप्रधान गावे विसाव्या शतकात हळूहळू रिकामी होत गेली. ही प्रक्रिया मोनोवीत अगदी शेवटच्या टोकापर्यंत पोहोचलेली दिसते.

स्थान व भूरचना : मोनोवी राज्याच्या ईशान्य भागात, ओमाहा शहराच्या वायव्येस सरळ रेषेत सुमारे २६० किमी. अंतरावर आहे. गावाच्या उत्तरेकडून मिसूरी नदी वाहते. तिच्या पलीकडे साउथ डकोटा राज्य लागते. दक्षिणेस नायोब्रेरा नदी असून ती पुढे पूर्वेला नायोब्रेरा याच नावाच्या गावाजवळ मिसूरीला मिळते. या दोन नद्यांमधल्या उंचसखल, गवताळ टेकाडांच्या पट्ट्यात गाव वसले आहे. नद्यांकाठी आणि घळींमध्ये झाडी आढळते. बाकीचा प्रदेश बहुतेक उघडा आहे. राज्य महामार्ग क्र. १२ गावाजवळून पूर्व-पश्चिम जातो. त्याने पश्चिमेकडील लिंच आणि पूर्वेकडील व्हर्डेल व नायोब्रेरा ही गावे मोनोवीशी जोडली आहेत.

मोनोवी पश्चिम रेखांश ९८° २०′ च्या आसपास येते. पूर्वेचा पुरेशा पावसाचा मका-पट्टा आणि पश्चिमेची कोरडी कुरणे यांच्यामधील हा संक्रमणाचा भाग आहे. इतिहासकार वॉल्टर प्रेस्कॉट वेब यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द ग्रेट प्लेन्स’ या ग्रंथात ९८ व्या रेखांशाच्या आसपास वसाहतकारांची शेतीची पद्धत, कुंपणे आणि पाण्याचा वापर हे सारे बदलावे लागले, असे मांडले आहे. समुद्रापासून दूर असल्यामुळे येथील हवामान विषम आहे. हिवाळ्यात बर्फ पडते व तापमान शून्याच्या बरेच खाली उतरते. उन्हाळ्यात ते ३०° से. च्या वर जाते. पावसाचे प्रमाण वर्षावर्षाला बदलते. आसपास गुरेपालन, मका, सोयाबीन आणि चाऱ्यासाठी गवत व लसूणघास ही शेतीची मुख्य अंगे आहेत.

इतिहास : नायोब्रेरा व मिसूरी यांच्या संगमाचा परिसर ही पाँका लोकांची मूळ भूमी. १८६८ च्या फोर्ट लॅरमी तहात अमेरिकन सरकारने पाँकांची जमीन चुकीने सू लोकांच्या वाट्यात घातली आणि १८७७ मध्ये पाँकांना बळाने आजच्या ओक्लाहोमा राज्याच्या प्रदेशात हलविले. त्यांचे प्रमुख स्टँडिंग बेअर मुलाचे शव मायभूमीत पुरण्यासाठी परतले, तेव्हा त्यांना अटक झाली. १८७९ मध्ये ओमाहा येथील खटल्यात न्यायाधीश एल्मर डंडी यांनी मूळ अमेरिकन माणूस कायद्याच्या दृष्टीने ‘व्यक्ती’ आहे, असा निर्णय दिला. या प्रदेशातील नंतरची सारी वसाहत या विस्थापनानंतरची आहे.

त्याआधी ७ सप्टेंबर १८०४ रोजी लुइस आणि क्लार्क यांची मोहीम मिसूरीतून येथून गेली. आजच्या लिंचच्या उत्तरेस असलेल्या ‘ओल्ड बाल्डी’ या बोडक्या टेकडीजवळ त्यांना प्रेअरी डॉग या बिळात राहणाऱ्या प्राण्यांची मोठी वसाहत दिसली. बिळे खोदून उपयोग होईना, म्हणून माणसांनी नदीवरून पाणी वाहून आणून बिळांत ओतले आणि एक प्राणी जिवंत पकडला. पुढील वर्षी मोहिमेने राष्ट्राध्यक्ष जेफर्सन यांच्याकडे पाठविलेल्या वस्तूंबरोबर एक प्रेअरी डॉगही जिवंत पोहोचला.

बॉइड काउंटी १८९१ मध्ये अस्तित्वात आली. तिला गव्हर्नर जेम्स बॉइड यांचे नाव देण्यात आले. फ्रीमाँट, एल्कहॉर्न अँड मिसूरी व्हॅली या कंपनीचा लोहमार्ग १९०२ मध्ये येथवर आला आणि मोनोवी वसले. त्याच वर्षी टपालकचेरी उघडली. परिसरात रानफुले विपुल असल्यामुळे फूल या अर्थाचा मूळ अमेरिकन शब्द गावाला दिला गेला, असे सांगतात. मैदानी प्रदेशातील बहुतेक रेल्वे-गावांप्रमाणे मोनोवीचे काम ठरलेले होते : भोवतालच्या शेतकऱ्यांचे धान्य व गुरे गाडीत चढविणे आणि त्यांना किराणा, टपाल, शाळा व प्रार्थनामंदिर पुरविणे.

लोकसंख्या : १९३० च्या जनगणनेत गावात १२३ लोक होते, तीच जनगणनेतील सर्वोच्च नोंद. त्यानंतर १९४० मध्ये ९९, १९५० मध्ये ६७, १९६० मध्ये ४० आणि १९७० मध्ये १६ अशी घट होत गेली. १९८० मध्ये १८, १९९० मध्ये ६ आणि २००० मध्ये केवळ २ रहिवासी उरले. हे दोघे पती-पत्नी होते. २००४ मध्ये पतीचे निधन झाले व २०१० मध्ये जनगणनेत १ ही संख्या नोंदली गेली.

२०२० च्या जनगणनेत मोनोवीची लोकसंख्या २ दाखविली आहे. परंतु गावात नवा माणूस आला, असा तिचा अर्थ नाही. व्यक्तीची माहिती आकड्यांवरून ओळखता येऊ नये, म्हणून जनगणना विभागाने त्या वर्षी लहान क्षेत्रांच्या आकड्यांत हेतुपुरस्सर थोडा फेरफार केला. राज्याच्या एकूण आकड्याला त्याने बाध येत नाही. मात्र एका माणसाच्या गावात तो फरक दुप्पट दिसतो. अतिलहान गावांचे आकडे वापरताना हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

मोनोवी हा एकटा अपवाद नाही. याच काउंटीतील ग्रॉस या गावात २०१० मध्ये २ रहिवासी होते. बॉइड काउंटीची लोकसंख्या १९१० मध्ये साडेआठ हजारांहून अधिक होती. २०२० मध्ये ती १,८१० भरली. तेथे दर चौ. किमी.ला दीड माणूसही राहत नाही.

घटीची कारणे : ट्रॅक्टर व कापणीयंत्रे आल्यावर पूर्वी अनेक कुटुंबे कसत असलेली जमीन एकच कुटुंब कसू लागले. १९३० च्या दशकातील मंदी व अवर्षण यांनी अनेक शेतकरी उखडले गेले. मोटारी व पक्के रस्ते आल्यावर लोक खरेदीसाठी मोठ्या गावांकडे जाऊ लागले. पुढे लोहमार्गही बंद झाला. टपालकचेरी १९६७ मध्ये, शेवटची किराणा दुकाने १९७० पर्यंत आणि शाळा १९७४ मध्ये बंद झाली. तरुण शिक्षणासाठी गेले ते परतले नाहीत. मागे राहिलेली लोकसंख्या वयस्क असल्यामुळे जन्मांपेक्षा मृत्यू अधिक होत राहिले. भोवतालची शेतकरी कुटुंबे घटली, तसा गावाचा आधारच गेला.

प्रशासन व सार्वजनिक जीवन : २०१० नंतरच्या काळात प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांनुसार महापौर, कारकून, खजिनदार व ग्रंथपाल ही सर्व कामे एकमेव रहिवासी स्त्रीच करीत असे. गावातील मद्यगृह व खाणावळही तीच चालवी. त्यामुळे दारूविक्रीच्या परवान्याचा अर्ज करणारी आणि तो मंजूर करणारी व्यक्ती एकच होती. चार पथदिव्यांच्या खर्चासाठी ती दरवर्षी स्वतःवर सुमारे ५०० डॉलर कर बसवी. राज्याकडून निधी मिळावा, म्हणून रस्त्यांचा वार्षिक आराखडाही सादर करी. पतीच्या संग्रहातील सुमारे ५,००० पुस्तकांचे ग्रंथालय तिने एका छोट्या खोलीत खुले केले होते.

खाणावळीत आसपासच्या शेतांवरून आणि दूरच्या गावांहूनही नेमाने गिऱ्हाईक येई. पत्ते खेळायला, जेवायला आणि एकमेकांची खुशाली विचारायला परिसरात दुसरी जागा फारशी नव्हती. त्यामुळे मोनोवीचे महत्त्व जनगणनेच्या आकड्यावरून ठरविणे अपुरे आहे. असे गाव किती लोकांच्या उपयोगी पडते, हेही मोजले पाहिजे.