परांची बांधण्याचं काम शिकायचंय? आष्टीतल्या तरुणांसाठी शिकाऊ उमेदवारीचा रस्ता कसा आहे?

जालना जिल्ह्यातल्या परतूर तालुक्यात, परतूर-माजलगाव रस्त्यावर आष्टी हे बाजाराचं गाव आहे. अशा गावात दुमजली घराचं प्लास्टर सुरू झालं की भिंतीला लागून बांबू, बल्ल्या आणि फळ्यांचा सांगाडा उभा राहतो. हीच परांची. मोठ्या साइटवर तिला स्कॅफोल्डिंग म्हणतात आणि ती बांधणाऱ्याला स्कॅफोल्डर.

गावात हे काम मिस्त्रीच्या हाताखाली बघून बघून शिकलं जातं. हात बसतो, पण कागद मिळत नाही. वीज केंद्र, रिफायनरी किंवा उंच इमारतीच्या साइटवर नेमका हा कागदच आधी विचारला जातो.

स्कॅफोल्डर नेमकं काय करतो?

गवंडी, वेल्डर, रंगारी यांना उंचीवर उभं राहायला सुरक्षित जागा करून देणं हे त्याचं काम. आधी जमीन भार पेलेल का ते बघायचं. खाली फळी आणि बेस प्लेट ठेवून उभे पाइप ओळंब्यात लावायचे. मग आडवे पाइप, तिरके आधार आणि भिंतीला पकडणारे टाय. वर चालायच्या फळ्या, कठडा, खाली काही पडू नये म्हणून कडेची पट्टी आणि चढायला शिडी.

बांधून झाल्यावर जाणकार माणूस तपासणी करतो आणि परांचीवर टॅग लागतो. हिरवा टॅग असेल तरच वर चढायचं. उतरवताना क्रम उलटा, म्हणजे वरून खाली.

परांची कोसळण्यामागे बऱ्याचदा साधी चूक असते. काम करताना आडवा येतो म्हणून कुणीतरी एखादा टाय किंवा तिरका आधार काढतो आणि परत लावत नाही. प्रशिक्षण घेतलेल्या माणसाला तो आधार कशासाठी आहे हे माहीत असतं. बघून शिकलेल्याला ते कुणी सांगितलेलंच नसतं.

शिकाऊ उमेदवारी म्हणजे काय?

काम करता करता शिकणं आणि त्याबद्दल दरमहा विद्यावेतन मिळणं. यासाठी १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. २०१६ पासून राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार उचलतं.

३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. ४ ते २९ माणसं असतील तर ऐच्छिक. म्हणजे गावातल्या चार-पाच जणांच्या ठेकेदारालाही नोंदणी करून उमेदवार घेता येतो.

पैसे किती मिळतात?

२०१९ च्या नियमांत किमान विद्यावेतन असं ठरलं: पाचवी ते नववी शिकलेल्यांना ५,०००, दहावी उत्तीर्णांना ६,००० आणि बारावी उत्तीर्णांना ७,००० रुपये. दुसऱ्या वर्षी त्यात १० टक्के वाढ. अर्ज करताना पोर्टलवरचा चालू दर बघून घ्यावा.

नाक्यावरच्या रोजंदारीपेक्षा ही रक्कम कमी वाटू शकते. घर चालवायचं असेल तर हा विचार आधीच करायला हवा. मुंबई-पुण्याला जायचं असेल तर राहण्या-जेवणाची सोय कोण करणार, हेही करारापूर्वी विचारावं.

अर्ज कसा करायचा?

१. अप्रेंटिसशिप इंडिया या सरकारी पोर्टलवर आधार, मोबाइल नंबर, बँक खातं आणि शिक्षणाची माहिती देऊन नोंदणी करा.

२. स्कॅफोल्डर किंवा बांधकाम क्षेत्रातल्या जागा शोधा. स्कॅफोल्डिंग हा आयटीआयमधला नेहमीचा ट्रेड नाही. बांधकाम क्षेत्राच्या कौशल्य परिषदेनं त्याचा अभ्यासक्रम ठरवला आहे. असे ऑप्शनल ट्रेड ६ ते ३६ महिन्यांचे असतात.

३. निवड झाल्यावर करार होतो. त्यावर मुदत, विद्यावेतन आणि ट्रेडचं नाव नीट वाचा. करार पोर्टलवर नोंदला गेला आहे ना, तेही बघा.

जवळचा आणखी एक मार्ग रिगरचा आहे. अवजड वस्तू दोर, साखळी आणि कप्पीनं उचलण्याचं हे काम. मुंबईच्या माझगाव डॉकच्या अप्रेंटिस भरतीत हा ट्रेड आठवी उत्तीर्णांसाठी असतो.

करार महत्त्वाचा का?

शिकाऊ उमेदवाराला काम करताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर आहे, असं कायदा सांगतो. नोंदलेला करार नसेल तर आपण तिथे शिकत होतो हे सिद्ध करणंच कठीण होतं.

दुसरी बाजूही माहीत हवी. कायद्याच्या नजरेत उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो. प्रशिक्षण संपल्यावर त्याच ठिकाणी नोकरी मिळेलच असं नाही. हाती राहतं ते परीक्षेनंतरचं प्रमाणपत्र.

पुढे काय?

बांधकाम कामगार म्हणून वर्षात ९० दिवस काम झालं की १८ ते ६० वयोगटातल्या कामगाराला महाराष्ट्राच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी करता येते. कामावर असताना नोंदीत कामगाराचा मृत्यू झाल्यास कुटुंबाला ५ लाख रुपयांची मदत मिळते.

काम फक्त नव्या इमारतींवरच असतं असं नाही. परळीसारख्या औष्णिक वीज केंद्रात बॉयलरच्या दुरुस्तीसाठीही आतून-बाहेरून परांची बांधावी लागते. आखातात जायचं असेल तर दहावी पूर्ण करणं फायद्याचं आहे. त्याखालच्या शिक्षणावर आखाती देशांत नोकरीसाठी जाताना सरकारची वेगळी मंजुरी लागते. एजंट ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का, हेही तपासा.

हे लक्षात ठेवा

शिकाऊ उमेदवारी लावून देतो म्हणून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. उमेदवारीत पैसे उमेदवाराला मिळतात, त्याच्याकडून घेतले जात नाहीत. आणि पहिल्याच दिवशी हार्नेस, हेल्मेट न देता कुणी वर चढायला सांगितलं, तर थेट नाही म्हणा.