तात्या विंचूचा कुठला भाग भारी?

भयपटांच्या चाहत्यांमध्ये एक वाद कधीच संपत नाही. मालिकेतला पहिला भाग सगळ्यांनी मान्य केलेला असतो. भांडण पुढच्या भागांचं असतं. चकी या खुनी बाहुल्याच्या चाहत्यांकडे भांडायला भरपूर माल आहे. 1988 साली ‘चाइल्ड्स प्ले’ आला. त्यानंतर 1990, 1991, 1998, 2004, 2013 आणि 2017 असे सहा भाग आले. एक गट 1990च्या दुसऱ्या भागाच्या बाजूने उभा राहतो, कारण त्याचा शेवट खेळण्यांच्या कारखान्यात होतो आणि तिथे तो बाहुला सर्वांत क्रूर वाटतो. दुसरा गट 1998च्या ‘ब्राइड ऑफ चकी’साठी भांडतो, कारण तिथे या मालिकेला स्वतःवर हसता येऊ लागलं.

मराठीत हा वाद घालायचा तर आपल्याकडे दोनच भाग आहेत. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ 1993चा आणि ‘झपाटलेला 2’ 2013चा. मध्ये वीस वर्षं गेली. माझ्या पिढीने तर पहिला भाग थिएटरात पाहिलेलाच नाही. चांदीपसारख्या गावात काय किंवा विरारच्या चाळीत काय, आम्हाला तात्या विंचू भेटला तो टीव्हीवर, जाहिरातींच्या मधे मधे. तरीही ‘दुसरा भाग जमला की नाही’ हा प्रश्न निघाला की प्रत्येकाचं मत तयार असतं.

‘झपाटलेला’ची मूळ कल्पना चकीवरून घेतली आहे, हे उघड आहे. पोलिसांच्या गोळीने मरणारा गुंड, मंत्र, बाहुल्यात शिरलेला आत्मा, आणि ज्याला पहिल्यांदा गुपित सांगितलं त्याच्याच शरीरात शिरण्याची अट. पण कोठारेंनी एक बदल केला आणि गोष्ट मराठी झाली. अमेरिकन सिनेमात बाहुला सहा वर्षांच्या मुलाकडे जातो. लहान मुलाचं कोण ऐकणार, यातून तिथे भीती येते. इथे तो लक्ष्याकडे येतो, आणि लक्ष्याला बोलक्या बाहुल्यांचा खेळ करायचा असतो. ज्याचं कामच बाहुलीला बोलकं करणं, त्याने ‘ही बाहुली आपणहून बोलते’ म्हटल्यावर कोण विश्वास ठेवणार? एकाच कल्पनेतून भीतीही निघते आणि विनोदही. चकीच्या मालिकेला हा सूर 1998 साली सापडला. आपल्याकडे तो पाच वर्षं आधीच होता.

हे जमलं याचं कारण या कलेची परंपरा इथे होती. तात्या विंचूचा बाहुला रामदास पाध्ये यांचा. त्यांचे वडील यशवंत केशव पाध्ये यांनी अर्धवटराव घडवला होता. बाहुला खोडकर बोलणार आणि माणूस ओशाळणार, याची मराठी प्रेक्षकाला कित्येक वर्षांची सवय होती. कोठारेंनी त्या खोडीला खुनाची धार लावली, एवढंच.

हिंदीत दुसऱ्या भागाची कल्पना निराळी होती. रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ 1984 साली गाजला. पुढच्याच वर्षी ‘सामरी’ आला, थ्रीडीमध्ये. सैतानाचं नाव तेच, अनिरुद्ध अग्रवाल हा नटही तोच, पण गोष्ट वेगळी. हॉलिवूडमध्येही ‘फ्रायडे द थर्टीन्थ’चा तिसरा भाग 1982 साली थ्रीडीत आला होता आणि ‘जॉज’चा तिसरा भाग 1983 साली. गोष्टीत नवं सांगण्यासारखं कमी उरलं की तंत्र मदतीला येतं. ‘झपाटलेला 2’सुद्धा थ्रीडीच होता.

माझं मत असं की, दुसऱ्या भागाला आपण नको त्या कारणासाठी दोष देतो. त्यात दिलीप प्रभावळकरांचा आवाज आहे, पाध्येंचा बाहुला आहे, कोठारे स्वतः आहेत. गोष्ट लक्ष्याच्या मुलाची आहे आणि ती भूमिका आदिनाथ कोठारेने केली. योगायोग असा की, त्याच 2013 साली ‘कर्स ऑफ चकी’ आला आणि त्यात चकीला आवाज देणाऱ्या ब्रॅड डुरिफची मुलगी फिओना डुरिफ प्रमुख भूमिकेत होती. दोन्हीकडे पुढची पिढी आली. पण चकीच्या मालिकेचा आधार बाहुल्याचा आवाज होता आणि तो आवाज टिकला. ‘झपाटलेला’चा आधार बाहुला नव्हता. बाहुल्यासमोर घाबरणारा माणूस हा त्याचा आधार होता. रबराचा बाहुला किती भीतिदायक, हे त्याच्या समोरचा चेहरा ठरवतो. तो चेहरा लक्ष्मीकांत बेर्डे यांचा होता आणि डिसेंबर 2004 मध्ये ते गेले. तंत्र वीस वर्षांनी पुढे गेलं, बाहुला अधिक सफाईने हलू लागला. समोरची जागा मात्र रिकामी राहिली. दुसऱ्या भागावरच्या बहुतेक तक्रारी या मुळात त्या रिकाम्या जागेबद्दलच्या आहेत.

म्हणून आता या वादाला वेगळं वजन आलं आहे. तिसऱ्या भागात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने लक्ष्मीकांतना पडद्यावर आणण्याचा मनोदय कोठारेंनी बोलून दाखवला आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे चेहरा हुबेहूब दिसेल याबद्दल मला फारशी शंका नाही. जुन्या सिनेमांतून त्यांचे डोळे, हातवारे, बोलण्यातली घाई, सगळं शिकवता येईल. पण यंत्र शिकेल ते त्यांनी आधी करून ठेवलेलंच. समोरच्या नटाने किंवा बाहुल्याने अचानक काही केलं की त्याच क्षणी जे सुचायचं, ते कुठल्याच जुन्या चित्रफितीत नाही. लक्ष्मीकांतचं मोठेपण त्यात होतं.

शिवाय, बोलक्या बाहुल्यांच्या खेळात एक प्रामाणिकपणा असतो. बाहुलीच्या आत कोणाचा हात आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक असतं आणि टाळ्या त्या हाताला मिळतात. पडद्यावरच्या नव्या लक्ष्याच्या आत कोणाचा हात असेल आणि टाळ्या कोणाला द्यायच्या? घरच्यांची परवानगी मिळाली तरी हा प्रश्न उरतोच. एकाचा आत्मा दुसऱ्याच्या शरीरात घुसवण्याचा हट्ट धरणारा या गोष्टीत खलनायक होता, हेही विसरून चालणार नाही.

तेव्हा कुठला भाग भारी? पहिला, यात वाद नाही. पण दुसऱ्या भागाला मी आता अधिक मान देतो. लक्ष्या नाही, हे त्याने मान्य केलं आणि त्याच्या मुलाची गोष्ट सांगितली. तिसऱ्यानेही तेवढं केलं, तर तो बघायला मी आनंदाने जाईन.