चांद्याचा परकोट

चंद्रपूर, म्हणजे जुने चांदा, ही गोंड राजांची राजधानी होती. त्याआधी त्यांची गादी सिरपूरला, आज तेलंगणात असलेल्या गावी, आणि नंतर वर्धा नदीकाठच्या बल्लारपूरला होती. गोंड राजा खांडक्या बल्लाळशाहाचा चर्मरोग झरपट नदीच्या पाण्याने बरा झाला आणि तिथेच त्याने नगर वसवले, अशी आख्यायिका आहे. परंपरेनुसार पंधराव्या शतकाच्या अखेरीस त्याने तटाचा पाया घातला. पुढच्या राजांनी काम चालू ठेवले.

पश्चिमेला इरई नदी, पूर्वेला झरपट आणि दोन्हींच्या मध्ये सुमारे ११ किलोमीटरचा दगडी तट, अशी या नगराची आखणी आहे. उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा आणि पश्चिमेला बिनबा असे चार दरवाजे. त्यांच्याखेरीज बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण या पाच खिडक्या, म्हणजे तटातली लहान दारे. दरवाजांवर हत्तीला नमवणारा सिंह कोरलेला आहे. हे गोंड राजचिन्ह पाहण्यासाठी दरवाजापाशी क्षणभर थांबायलाच हवे. कोरीव काम ठसठशीत आहे आणि राजाचा दरारा गावात शिरण्याआधीच कळतो.

तटाचा घेर वस्तीपेक्षा फार मोठा होता. रामाळा तलाव आणि मोकळ्या जमिनीही आत सामावल्या होत्या. वेढा पडला तर पाण्याची चिंता नको, हा त्याचा फायदा. पण एवढ्या लांब भिंतीवर सगळीकडे पुरेशी माणसे उभी करणे सोपे नव्हते, आणि या तटाची खरी दुर्बलता तीच म्हणावी लागेल.

१७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी चांदा घेतला आणि गोंड राज्य संपले. १८१८ मध्ये इंग्रजांनी आप्पासाहेब भोसल्यांना कैद केले. त्यांच्या मदतीसाठी चांद्याकडे येणाऱ्या पेशवा दुसऱ्या बाजीरावाला कर्नल ॲडम्सने १७ एप्रिलला पांढरकवड्याजवळ शिवणीला गाठून हरवले आणि मे महिन्यात त्याच फौजेने चांद्याला वेढा घातला. तोफांनी आग्नेय कोपऱ्याजवळ तट फोडला. २० मे रोजी इंग्रजी फौज खिंडारातून आत घुसली. किल्लेदार गंगासिंग लढता लढता पडला.

युद्धाचे काम संपले तरी तट उभा राहिला आणि त्याचे दरवाजे शहराच्या रोजच्या जगण्याचा भाग आहेत. इरईला पूर आला की पठाणपुऱ्याकडून पाणी शहराच्या सखल भागाकडे चढते. उत्तरेला जटपुऱ्याच्या जुन्या कमानीत वाहनांची रोजची कोंडी होते. शहर वाढले, कोळशाच्या खाणी आल्या, आणि तटावर झाडेझुडपे माजली. दगडांच्या सांध्यांत मुळे शिरली की चिरे सुटतात, म्हणून ही झाडी काढणे निकडीचे होते. २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या स्वयंसेवकांनी हे काम हाती घेतले. कुऱ्हाड, कोयता घेऊन त्यांनी दिवसचे दिवस राबत बुरूज मोकळे केले आणि तटावरची चालण्याची वाट पुन्हा खुली केली.