आपल्या पायांनी चालणारी तोफ

विजापूरची मुलूखमैदान तोफ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तिचे वजन ५५ टनांच्या आसपास. सतराव्या शतकात ती परांड्याच्या किल्ल्यावरून विजापूरला नेली, तेव्हा तिला ४०० बैल आणि १० हत्ती जुंपले होते, असे सांगतात. आकडा थोडा फुगवलेला असेलही, पण त्यामागची अडचण खरी आहे. तोफ जितकी मोठी, तितकी ती जागची हलवणे कठीण. आणि लढाई काही तोफेसाठी एका जागी थांबत नाही.

ही अडचण बैल गेले, घोडे आले, तरी सुटली नाही. पहिल्या महायुद्धात शिपाई खंदकातून निघून मैलभर पुढे सरकत आणि त्यांच्या पाठीशी असलेल्या तोफा मागेच चिखलात रुतून राहत. मग पुढे गेलेल्या शिपायाला शत्रूच्या यंत्रतोफांपुढे कोणाचा आधार? इंग्रजांनी १९१७ साली एक उपाय करून पाहिला. रणगाड्यासारख्या पट्ट्यांच्या गाडीवर त्यांनी मोठी तोफ चढवली. अशा ४८ गाड्या तयार झाल्या. पण प्रत्यक्षात त्यांचा उपयोग बहुतेक दारूगोळा आणि सामान वाहण्याकडेच झाला. कल्पना बरोबर होती, पण इंजिने दुबळी होती.

आता कोणी विचारील, रणगाड्यालाही तोफ असतेच की. मग हे वेगळे वाहन कशाला? याचे उत्तर रणगाड्याच्या डोक्यात आहे. रणगाड्याची तोफ गोल फिरणाऱ्या बुरुजात बसवलेली असते. तोफ मोठी करायची, तर तिचा मागे बसणारा धक्का सोसायला बुरुज मोठा हवा. बुरुज मोठा झाला की गाडी अवजड होते. रशियाने १९४० साली हा अनुभव घेतला. फिनलंडच्या सरहद्दीवरील काँक्रीटचे बुरूज फोडण्यासाठी त्यांनी 'केव्ही-२' नावाचा रणगाडा केला आणि त्याच्या बुरुजात १५२ मिलिमीटर तोंडाची तोफ बसवली. गाडी ५२ टनांची झाली. जमीन जरा उतरती असली की तो जड बुरुज फिरता फिरत नसे. मग तोड निघाली ती अशी, की फिरता बुरुज काढूनच टाकावा, त्या जागी जाड पोलादाची बंद पेटी करावी आणि तोफ तिच्या समोरच्या भिंतीत बसवावी.

ही तोड अमलात कशी आली, ती हकीकत ऐकण्याजोगी आहे. १९४१ साली जर्मन फौजा लेनिनग्राडच्या वेशीवर आल्या, तेव्हा तेथील किरोव्ह कारखान्याची यंत्रे व कामगार आगगाडीने उरल पर्वतापलीकडे चेल्याबिन्स्क येथे हलवण्यात आले. त्या गावाला लोक पुढे 'टँकोग्राड' म्हणजे रणगाड्यांचे शहर म्हणू लागले. १९४२ च्या नोव्हेंबरात स्टालिनग्राडपाशी रशियन फौज उलटून चढाईस निघाली. आता शत्रूची पक्की ठाणी फोडत पुढे जायचे होते. शिवाय जर्मनांचा 'टायगर' रणगाडाही रणात उतरला होता. जोसेफ कोतिन यांच्या हाताखालच्या मंडळींनी १९४३ च्या जानेवारीत एका महिन्याच्या आत नमुना उभा केला आणि १४ फेब्रुवारीला तो सैन्यासाठी मंजूर झाला. त्याचे नाव 'एसयू-१५२'.

एवढ्या लवकर हे जमले, कारण यात नवीन असे फार थोडे होते. खालची गाडी 'केव्ही-१एस' या रणगाड्याची, तर तोफ 'एमएल-२०' ही १९३७ सालापासून वापरात असलेली. दोन जुन्या वस्तूंचे लग्न लावून तिसरी नवी वस्तू केली. वजन साडेपंचेचाळीस टन, माणसे पाच, डिझेल इंजिन ६०० अश्वशक्तीचे, समोरचे चिलखत ७५ मिलिमीटर जाडीचे. वेग चांगल्या रस्त्यावर ताशी ४३ किलोमीटर. शेताडीत अर्थातच त्याहून पुष्कळ कमी.

पण प्रत्येक सोयीची किंमत मोजावी लागते. बुरुज नसल्यामुळे तोफ डावीउजवीकडे मिळून १२ अंशच वळे. त्यापलीकडे नेम धरायचा तर सगळी गाडीच वळवावी लागे. हीच तोफ चाकांच्या गाड्यावर असताना १७ किलोमीटर मारा करी. पेटीत बसल्यावर तिची नळी पुरेशी वर उचलत नसे, म्हणून पल्ला सुमारे १३ किलोमीटरांवर आला. आत गोळे मावत अवघे २०. एकेक गोळा ४० किलोच्या वर, आणि दारूची नळकांडी वेगळी भरायची. धूर, उष्णता आणि हादरे यांनी भरलेल्या त्या पेटीत वाकून हा गोळा उचलणारा शिपाई मिनिटाला दोन बार काढू शकला, तरी खूप झाले. आपल्याकडचा हमाल धान्याचे पोते उचलतो ते निदान मोकळ्या हवेत.

१९४३ च्या जुलैत कुर्स्कच्या लढाईत या गाड्या उतरल्या आणि रशियन शिपायांनी त्यांना 'झ्वेरोबॉय' म्हणजे श्वापदांचा शिकारी हे नाव दिले. टायगर, पँथर ही जर्मन गाड्यांची नावे श्वापदांचीच, तेव्हा नाव चपखल बसले. एवढा जड गोळा चिलखत भेदून आत गेला नाही, तरी त्याच्या धक्क्याने गाडी निकामी होऊ शके. वर्षभरात अशा सुमारे ६७० गाड्या तयार झाल्या. पुढे जुना रणगाडा बंद पडला, तेव्हा नव्या 'आयएस' रणगाड्याच्या अंगावर तीच तोफ बसवून 'आयएसयू-१५२' केली. तिचे समोरचे चिलखत ९० मिलिमीटरांचे. कारखान्यात गाड्या भराभर होत, पण १५२ मिलिमीटरच्या नळ्या तितक्या मिळेनात. म्हणून काही गाड्यांवर १२२ मिलिमीटरची तोफ चढवली. १९४५ साली कोनिग्सबर्ग आणि बर्लिनच्या रस्त्यांत याच गाड्या पायदळाबरोबर चालत होत्या. शिपाई समोरचे घर दाखवी आणि गाडी त्यावर गोळा टाकी. त्यामुळे शिपायांचे प्राण वाचले, हे खरे. आणि ती घरे माणसांची होती, हेही तितकेच खरे.

इंग्रज-अमेरिकनांची वाट थोडी निराळी. त्यांना अशी तोफ दुरून, डोंगराआडून मारा करण्यासाठी हवी होती. इंग्रजांनी घाईने केलेल्या 'बिशप' गाडीवरची तोफ १५ अंशांहून वर उचलत नसे, तेव्हा गोलंदाज मातीचा उतार रचून गाडी त्यावर चढवीत आणि पल्ला वाढवीत. १९४२ च्या ऑक्टोबरात एल अलामीनच्या लढाईत अमेरिकन 'प्रीस्ट' आली. तिच्या यंत्रतोफेचा गोल कठडा चर्चमधील प्रवचनपीठासारखा दिसे, म्हणून ती 'प्रीस्ट', म्हणजे पाद्री. मोठ्या तोफेची अमेरिकन गाडी म्हणजे १५५ मिलिमीटरची 'एम-१२'. ती शंभरच झाली. तिच्यात गोळे मावत दहा, म्हणून बाकीचे गोळे वाहायला तशीच दुसरी गाडी मागून चाले.

उलट जर्मनांची 'कार्ल' पाहा. ६०० मिलिमीटर तोंड, वजन १२४ टन, गोळा दोन टनांच्या आसपास. १९४२ साली सेवास्तोपोलवर आणि १९४४ साली वॉर्सावर तिने मारा केला. पण ती दूरवर न्यायची तर खास आगगाडी लागे आणि गोळा सहा-साडेसहा किलोमीटरांपलीकडे जात नसे. ती झाली अवघी सात. इंजिन असूनही ती मुलूखमैदानचीच बहीण राहिली.

हे आपल्यापासून फार दूरचे, असे समजू नका. नाशिकजवळ देवळालीला भारतीय तोफखान्याचे शिक्षण चालते. तेथेच नोव्हेंबर २०१८ मध्ये 'के-९ वज्र' ही चालती तोफ सैन्यात दाखल झाली. आराखडा दक्षिण कोरियाचा, बांधणी गुजरातेत हजिरा येथे. तोंड १५५ मिलिमीटर, इंजिन १००० अश्वशक्तीचे. माणसे आजही पाचच. फरक एवढाच, की तो जड गोळा नळीत सारण्याचे काम आता यंत्र करते.

गुरुजनहो, मुलांना युद्धाचा इतिहास सांगताना आपण सेनापतींची नावे आणि सनावळी पाठ करवतो. त्याबरोबर एक प्रश्नही विचारावा : तोफ किती मोठी होती, एवढेच नव्हे, तर ती वेळेवर पोचली का? तिचे वजन कोणी वाहिले, नळी कोणी ओतली, गोळा कोणी उचलला? एकेका तारखेमागे अशी किती माणसे राबली, हे मग मुले आपसूकच मोजू लागतील.