पेशव्यांच्या कमरेला रिव्हॉल्वर?

आपल्या सीमाभागात, घर मराठी असो वा गुजराती, जुन्या हत्यारांच्या कथा हौसेने सांगतात. ‘हे पेशव्यांच्या वेळचे रिव्हॉल्वर’ असे कोणी सांगू लागला की मी वाद घालीत नाही. सनावळी पुढे ठेवतो.

१७७२ साली मराठी आरमाराने पोर्तुगीजांचे ‘सांताना’ जहाज पकडले. त्याची भरपाई १७७९ च्या तहात ठरली आणि १७८३ मध्ये नगर हवेली पोर्तुगीजांकडे गेली. पेशवाई १८१८ साली बुडाली. सॅम्युअल कोल्ट याला रिव्हॉल्वरचे अमेरिकन पेटंट मिळाले ते १८३६ साली! पेशवाईतली हत्यारे तोड्याची आणि चकमकीची.

मग कथेतले ते रिव्हॉल्वर कुठले? १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून इटलीतील गार्दोने गावाच्या परिसरात कोल्टच्या १८५१ च्या ‘नेव्ही’ नमुन्याच्या हुबेहूब नकला तयार होऊ लागल्या. फिरत्या चक्राच्या सहा घरांत काळी दारू भरायची, वर शिशाची गोळी नळीखालच्या दांड्याने ठासायची, मागे तांब्याच्या टोप्या बसवायच्या. अमेरिकेत अशा नकला जमविणारे पुष्कळ आहेत. कोणी मूठ बदलतो, कोणी नवी निळी झिलई उतरवून पोलाद तपकिरी करतो. इथवर हौस निर्दोष. पण कोणी कारखान्याचे नाव आणि चाचणीचा शिक्काही कानशीने घासतो, आणि तिथे नकलेचा खोटा दस्तऐवज होतो. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या आठव्या कलमानेही हत्यारावरील ओळखखुणा पुसण्यास मनाई केली आहे. शिवाय जी नक्कल उडते ती कायद्याच्या दृष्टीने बंदूकच. तिला परवाना लागतो.

याची काळजी आपल्याला का? कारण सिल्व्हासाचा खरा पराक्रम अजून जिवंत माणसांच्या आठवणीत आहे. २२ जुलै १९५४ ला दादरा, पाठोपाठ नरोली आणि २ ऑगस्टला सिल्व्हासा मुक्त झाले. सुधीर फडके, राजा वाकणकर यांच्यासारखी माणसे त्यात होती. तोवर काडतुसांचा जमाना येऊन कित्येक दशके लोटली होती. टोपीचे रिव्हॉल्वर ‘मुक्तिसंग्रामातले’ म्हणून मांडले तर पाहुणे थक्क होतील. पण उद्या खोटे उघडे पडले की खऱ्या गोष्टीवरचाही विश्वास उडेल.

म्हणून वाचकांना विनंती एवढीच. घरात जुने हत्यार असेल तर ते कायदेशीरपणे नोंदवा, जाणकाराला दाखवा. घासूनपुसून नवे करू नका. गंज, ओरखडे, अर्धवट शिक्के हीच त्याची जबानी. आणि आजोबांनी ते कुठून आणले हे माहीत असेल तर आजच कागदावर उतरवा. गंजलेल्या लोखंडापेक्षा माणसाची आठवण लवकर नाहीशी होते.