गव्हाचा माग

“खातं तेवढं, पण अंगी लागत नाही,” असं लहान मुलाबद्दल आपण सहज म्हणतो. पोट फुगलेलं, हातपाय काड्यांसारखे, जुलाब थांबत नाहीत. आणि बोल मात्र आईला लागतो. अशा काही मुलांना सीलिअ‍ॅक नावाचा आजार असतो. त्याचं मूळ रोजच्या पोळीत आहे, हे कळायला किती वर्षं गेली, ते आज आपण पाहू.

१८८८ साली लंडनचे डॉक्टर सॅम्युएल गी यांनी या आजाराचं नेमकं वर्णन छापलं. मूल बरं होणार असेल तर ते आहारानेच, हे त्यांनी ओळखलं. पण भात आणि साबुदाणा त्यांनी वर्ज्य ठरवला आणि पातळ कापून दोन्ही बाजूंनी भाजलेला पाव चालेल असं सांगितलं. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी!

१९२४ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर सिडनी हास यांनी अशा मुलांना केळी द्यायला सुरुवात केली. पाव बंद होता. मुलं सुधारली आणि श्रेय गेलं केळ्याला. गहू पुन्हा सुरू झाला की आतडं पुन्हा बिघडे.

खरा माग काढला हॉलंडचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी. पाव बंद केला की मुलाचं पुरळ कमी होतं, असं एका आईने त्यांना सांगितलं होतं म्हणतात. त्यांनी ते हसण्यावारी नेलं नाही. १९३०च्या दशकातच त्यांनी गव्हाशिवायचा आहार देऊन पाहिला. पुढे महायुद्धात, १९४४-४५च्या हिवाळ्यात, तिथे इतका दुष्काळ पडला की लोकांनी ट्यूलिपचे कंद खाल्ले. पाव मिळेनासा झाला, तेव्हा ही मुलं सुधारली, अशी गोष्ट सांगितली जाते. पण डिके गोष्टीवर थांबले नाहीत. मुलांच्या शौचातून किती चरबी न पचता बाहेर पडते, याचं मोजमाप झालं. गहू दिला की ती वाढे, बंद केला की घटे. १९५०च्या त्यांच्या प्रबंधात हे सारं आलं. १९५२ साली बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी दाखवलं, की दोष गव्हाच्या पिष्टात नसून त्यातल्या चिकट प्रथिनात, म्हणजे ग्लुटेनमध्ये आहे.

हे पोटात घडतं कसं? लहान आतड्याच्या आतून मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात. अन्नरस तेच शोषतात. या आजारात ग्लुटेन आलं की शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच आतड्यावर उलटते आणि ती मखमल झिजते. मग चरबी, लोह, कॅल्शियम वाया जातं. रक्त कमी होतं, दूधही पचेनासं होतं. ग्लुटेन पूर्ण बंद केलं, की जुलाब आणि पोटफुगी बहुधा काही आठवड्यांत कमी होते. मखमल भरून यायला मात्र महिने, मोठ्या माणसांत कधी वर्षंही लागतात. पथ्य जन्मभराचं, सणावारीची एक करंजीसुद्धा त्यात बसत नाही.

आपल्याकडे पर्याय घरातच आहेत. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा यांत ग्लुटेन नाही. गहू आणि जव टाळायचे. म्हणजे रवा, मैदा, शेवयाही टाळायच्या. बाजारच्या हिंगातही बरेचदा गव्हाचं पीठ असतं. गिरणीत गव्हावर ज्वारी दळली तर ते पीठही चालत नाही. दळण वेगळं हवं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवू या. शंका आली म्हणून आधीच पोळी बंद करायची नाही. गहू सोडल्यावर रक्ततपासणीत आजार लपू शकतो. आधी डॉक्टर, मग पथ्य. आणि ज्यांना हा आजार नाही, गव्हाचा दुसरा काही त्रासही नाही, त्यांनी आपली पोळी सुखाने खावी.